कोट घालून सांगायची गोष्ट

मालेगावहून शेलूबाजारला जाणाऱ्या जीपमध्ये सरकटे साहेबांचा कोट खिडकीशी बसतो आणि साहेब स्वतः मध्ये, दोन माणसांच्या दाटीत. कोट हँगरवर असतो, हँगर खिडकीवरच्या दांडीला अडकवलेला. खाली कोणी टेकलं की साहेब म्हणतात, "दादा, जरा सरका. त्याले सुरकुती पडते." जीपवाला एकदा वैतागून म्हणाला, "सरकटे, तुमच्या कोटाचं आधार कार्ड काढा, त्याले हाफ तिकीट देतो." साहेब हसले नाहीत. म्हणाले, "फुल घे. पन धक्का लागू देऊ नको."

आम्ही दोघंही मालेगावचे. त्याच जीपने रोज शेलूबाजारच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका खासगी दवाखान्यात जातो. मी तिथं नोंदणीच्या खिडकीवर बसते. हायवेमुळे आमच्याकडे सर्दी-खोकल्याचे पेशंट कमी आणि रस्त्यावरचे जास्त. सरकटे साहेब तिथले जनसंपर्क अधिकारी. पाटी मोठी आहे, पण काम खरं म्हणजे एकच. आत कोणी दगावलं की डॉक्टर दोन वाक्यं बोलतात, त्यात निम्मी इंग्रजी, आणि त्यांना पुढच्या पेशंटकडे पळावं लागतं. बाहेर बसलेल्या माणसांना ते समजेल असं सांगायचं, त्यांच्यासोबत उभं राहायचं, हे सरकट्यांचं काम.

ते काम ते कोट घातल्याशिवाय करत नसत. एरवी दिवसभर पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय. मे महिन्यात आमच्याकडे कूलरसुद्धा धापा टाकतो, पण टायची गाठ इंचभर खाली आलेली मी पाहिली नाही. पँटच्या उजव्या खिशात बुटाचा ब्रश. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या गुंड्या मोजायची सवय. "नंदाताई, ओढणीले पिन लावा. खिडकीवर बसता तुमी." वॉर्डबॉय गजानन गळा उघडा टाकून फिरला की त्याला अडवून स्वतःच्या हाताने गुंडी लावून द्यायचे आणि म्हणायचे, "कपडा आधी बोलते, गजा. मानूस मंग."

एकदा बसस्टँडवर एका म्हातारीने त्यांचा पांढरा शर्ट पाहिला, हातातला काळा कोट पाहिला आणि शेजारी बसून शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण सांगायला सुरुवात केली. दिराने नांगराचे तीन तास धुरा कसा कोरला, कोणतं झाड कोणी तोडलं, सगळं. साहेबांनी अर्धा तास मान डोलावत ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "मंग केस कवा टाकता?"

"आजी, मी वकील नाई."

"वकील नाई? मंग कोट कोनाचा उचलून आनला?"

हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी गंभीर चेहऱ्याने. तेव्हा मी धीर करून विचारलं, "पण साहेब, एवढा कोट कायले पायजे?" ते म्हणाले, "ताई, आमच्या घरी कोट भिंतीवरच्या फोटोत होता. खुंटीवर नोता. बाप सालदार होता माहा, सालभर दुसऱ्याच्या वावरात राबे. फोटोतून खुंटीवर यायले दोन पिढ्या लागल्या. आता तुमी म्हनता कायले पायजे."



अडचण वेगळीच होती. कोट त्यांच्या खुर्चीमागे टांगलेला असायचा आणि हॉलमधल्या माणसांना दोन दिवसांत त्याचा अर्थ कळायचा. साहेबांनी कोटाकडे हात नेला की बाकांवरची कुजबुज थांबायची. बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या. साहेब ज्यांच्या समोरून पुढे जायचे, ते मटकन खाली बसायचे. एका डिसेंबरात सकाळी साहेबांना नुसती थंडी वाजली, म्हणून त्यांनी कोट अंगात घातला. समोरच्या बाईने जो हंबरडा फोडला, तो ऑपरेशन थिएटरपर्यंत गेला. तिच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि तो आत बसून उपमा खात होता. तोही घाबरून सलाईनसकट बाहेर आला.

आम्ही नंतर पोट धरून हसलो. साहेब त्या हिवाळ्यात पुढे कुडकुडत बसले, पण थंडीसाठी कोट घातला नाही.

मग पुण्याहून नवे मॅनेजर आले. तिशीचे, बोलायला गोड. त्यांनी लोकांसमोर बसणाऱ्या सगळ्यांसाठी आकाशी रंगाचे टी-शर्ट आणले. छातीवर पिवळा हसरा चेहरा आणि खाली अक्षरं, 'हसा, बरे व्हा.'

"सरकटे, लोक कोटाला घाबरतात," मॅनेजर म्हणाले. "त्यांच्यासाठी कोट म्हणजे कोर्ट, तहसील, साहेब. आता बँकेतसुद्धा कोणी टाय लावत नाही. आपल्याकडे मोकळं वाटलं पाहिजे."

"सर, मेल्याची खबर मोकळी कशी देतात?"

"शब्दांनी धीर द्यायचा. कपड्यांनी नाही."

आता यात खोटं काय होतं? हर्नियावाल्या बाईला विचारलं असतं, तर तिनेही मॅनेजरच्या बाजूने हात वर केला असता. साहेबांनी वाद घातला नाही. कोट रेकॉर्डच्या खोलीतल्या कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी ते टी-शर्ट घालून आले. इस्त्रीची धार बाहीवर, टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला, गळ्याच्या तिन्ही गुंड्या बंद. पहिलीत नाव घातलेल्या पोरासारखे दिसत होते. गजानन हसायला लागला आणि मीच त्याला डोळे वटारले.

आठेक दिवसांनी, दुपारी, एक मुलगी आणली. सुरेखा नाव. आरोग्यसेविका होती, लसीचा डबा घेऊन स्कूटीवर निघालेली, ट्रकने उडवलं. तिच्या फोनवरून बापाला कळवलं. बाप रिठदचा, नामदेवबाबा. माझं माहेर रिठदचंच, म्हणून मी त्यांना तोंडओळखीने ओळखत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ही एकुलती लेक. दोन बस बदलून ते पोचले, पण त्याआधीच अर्धा तास सुरेखा गेली होती.

डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला उभे होते. सरकटे साहेब उठले. सवयीने हात खुर्चीमागे गेला, तिथं काही नव्हतं. तसेच ते बाबांच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "दोन चाय आन गड्या. येक साखर कमी. पोरगी उठली की तिले लागन."

मला वाटलं, साहेब आता सांगतील. ते बाहेरच्या टपरीवर गेले आणि दोन चहा घेऊन आले.

बाबांनी चहा घेतला. दुसरा कप बाकावर, स्वतःच्या टोपीने झाकून ठेवला. साहेब शेजारी टेकले. बाबा बोलत होते, की पोरगी शनिवारी घरी येते, आली की पहिलं अंगण झाडते, मग मला रागावते. साहेब ऐकत होते. बाबांचा कप संपत आला तेव्हा साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते कधी पेशंट म्हणत नाहीत, बॉडी तर कधीच नाही. नावच घेतात.

"बाबा, सुरेखाताई गेल्या."

"कोन म्हन्ते?"

"मी म्हन्तो, बाबा."

बाबांनी त्यांच्या छातीकडे पाहिलं. तो पिवळा चेहरा हसतच होता. "तू कोन रे? चाय देनारा तू! अन् हासरं तोंड आंगावर घालून माही थट्टा करून राह्यला?" मग ते जे बोलले ते मी लिहीत नाही. हातातला कप त्यांनी साहेबांच्या अंगावर फेकला. "जाय, मोठ्या सायबाले बलाव. सायब सांगन तवा खरं."

सगळा हॉल बघत होता. काचेच्या खोलीतून मॅनेजर उठून उभे राहिले होते. सरकटे साहेब रेकॉर्डच्या खोलीकडे गेले. परत आले तेव्हा टी-शर्टवर कोट होता, वरपर्यंत गुंड्या लावून, हसरं तोंड झाकून. त्याच माणसाने त्याच बाकासमोर उभं राहून पहिल्यांदा भेटल्यासारखे हात जोडले.

"बाबा, मी सरकटे. इथला अधिकारी."

बाबा धडपडत उभे राहिले. "सायब, तो चायवाला काहीबाही बोलते."

"सुरेखाताई नाई वाचल्या, बाबा. डॉक्टरनं लय कोशिश केली. आनलं तवाच त्यायले शुद्ध नोती. तरास नाई झाला."

बाबा सावकाश खाली बसले. रडले नाहीत, नुसते घशातून आवाज करत राहिले. साहेब त्यांच्यापुढे खाली फरशीवर बसले, बाबांचे दोन्ही हात धरून. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "सायब, येक करा. त्या चायवाल्याले कामावरून काढू नका. खरं बोल्ला तो. मीच त्याले घान बोल्लो."

"नाई काढत, बाबा," साहेब म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने त्यांना बोलावून सांगितलं, की तुमच्यापुरता कोट चालेल. मला वाटलं, साहेब खूश होतील. जीपमध्ये मी म्हटलं, "जिंकले तुमी." ते खिडकीबाहेर पाहत होते.

"काय जिंकलो, ताई? मी सांगतलं ते खोटं. कोटानं सांगतलं ते खरं. इतके वर्सं वाटत होतं, मी सांगतो."

पंधरा-वीस दिवसांनी मी माहेरी गेले. नामदेवबाबांनी मला रस्त्यात थांबवलं. "तुमच्या दवाखान्यात तो चायवाला हाये नं? त्याले येकडाव घेऊन ये, माय. माफी मांगाची हाये. जीव लागत नाई मले."

मला खरं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सोमवारी साहेबांना निरोप दिला आणि त्यांनी फक्त "बरं" म्हटलं.

रविवारी ते माझ्यासोबत रिठदच्या फाट्यावर बसमधून उतरले, तो आकाशी टी-शर्ट घालून. चहाचा डाग धुऊनही पूर्ण गेला नव्हता. बाबांनी दारात त्यांच्यापुढे हात जोडले आणि साहेबांनी ते जोडलेले हात पटकन आपल्या हातात घेतले. "बाबा, असं नाई. तुमच्या जागी मीबी तेच केलं असतं."

बाबांनी स्वतः स्वयंपाक केला होता. वांग्याची भाजी, भाकरी, वरण. भाकरी एका बाजूने करपलेली. तिघं जेवायला बसलो. बाबा त्यांना पुन्हा पुन्हा वाढत होते, चायवाल्याला कोण वाढतं म्हणून. मग एकदम म्हणाले, "तुले कसं समजलं रे, अगोदर चाय पिऊ द्याव, मंग सांगाव म्हून? तुयं कोनी गेलं काय?"

साहेबांचा घास हातात राहिला.

"बायको. सात वर्सं झाले. दुसऱ्या दवाखान्यात होती. मी तिच्यासाठी मोसंबी घेऊन आलो त गेटवरचा मानूस तंबाखूचा खर्रा घोटत होता. वर पाह्यलं नाई त्यानं. म्हने, आठ नंबरवाली नं? ते गेली. बॉडी मांगच्या दारानं भेटन."

चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खिडकीत बसत होते. त्यांच्या गुंड्यांवर, कोटावर, ब्रशवर आम्ही किती हसलो असू. घरी त्यांना कोण आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

बाबांनी वरणाचं भांडं खाली ठेवलं. "नाव काय होतं तिचं?"

साहेबांनी उत्तर द्यायला फार वेळ घेतला. जणू ते नाव मोठ्याने घ्यायची सवयच मोडली होती.

"शेवंता," ते म्हणाले.

"शेवंता," बाबा हळूच म्हणाले आणि उरलेली अर्धी भाकरी साहेबांच्या ताटात वाढली.