सातपुत्यांची ओली फौज

सातपुत्यांच्या घरी गेलं की ‘या, बसा’ नाही, ‘दार हळू! फौज ओली हाय!’ असं स्वागत व्हायचं. मग आपण श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

कोराडीच्या कॉलनीत मधुकरराव सातपुते माझे शेजारी. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. वीज केंद्रातून घरी आले की हा माणूस शिशाचे सैनिक ओतायचा आणि रंगवायचा. सैनिक हरभऱ्याच्या दाण्याएवढे. त्यांना पागोटी, पट्टे, मिशा. टेबलावर खडूनं टेकडी नि तळं आखून सीताबर्डीची लढाई मांडायची, भोसले एका बाजूला, इंग्रज टेकडीवर. फासे टाकून फौजा हलवायच्या. मी कायम इंग्रज.

पण लढाईपेक्षा त्यांची काळजीच मोठी. रोज सकाळी अंगणात उभे राहून बोट ओलं करून बघायचे. “वारा कोणीकडून येऊन राहिला?” केंद्राच्या चिमणीकडून असला तर खिडक्या बंद. राख रंगावर बसली तर? भर उन्हाळ्यात पंखा बंद. पंख्यानं घोडेस्वार आडवे झाले तर? शांतावहिनी पदरानं वारा घेत म्हणायच्या, “माणसं शिजून राहिली घरात, याची काही काळजी?” घरात माणसं दोनच, वहिनी आणि हे.

शहरात छंदांचं प्रदर्शन भरलं. सातपुत्यांनी नाव दिलं, आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. शेवटी दोन परातींत कापूस पसरून फौज बसनं निघाली. इंग्रज माझ्या मांडीवर, भोसले त्यांच्या, वहिनी मागच्या सीटवर. ड्रायव्हरला त्यांनी चढतानाच बजावलं, “ब्रेक हळू मार गा भाऊ. संगं फौज हाय.” ड्रायव्हरनं आधी त्यांच्याकडे, मग मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

प्रत्येक खड्ड्याला सातपुते डोळे मिटत होते. पुढं एक म्हातारी दांड्याला धरून उभी होती, काखेत बोचकं. तेवढ्यात कोळशाचा ट्रक आडवा आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. म्हातारीचा हात सुटला, डोकं थेट लोखंडी दांड्याकडे गेलं. आणि सातपुत्यांनी परात सोडून दिली.

भोसल्यांची फौज खणखणत सीटांखाली गेली. म्हातारी त्यांच्या हातात होती.

“मावशी, लागलं का?”

बस थांबली. अख्खी बस वाकून सैनिक वेचू लागली. हिंगण्याच्या कारखान्यातला एक कामगार मिशीवाला घोडेस्वार धरून विचारत होता, “हा आपला का इंग्रजाचा?” सातपुत्यांनी तिकडे पाहिलंदेखील नाही. म्हातारी सांगत होती. लेक दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती, जावई बाहेरगावी, ही पहिल्यांदाच एकटी शहरात निघाली होती.

दवाखान्याच्या स्टॉपवर सातपुते तिचं बोचकं घेऊन उठले. “तुम्ही व्हा पुढं.”

“अहो, पण फौज?” मी विचारलं.

“लावा तुम्ही कशीबशी.”

लावली. वहिनींनी अर्धे भोसले टेकडीवर चढवले, मी इंग्रज तळ्यात उभे केले. परीक्षक येऊन गेले. आमचं दोघांचं लक्ष दारात होतं.

हॉल रिकामा होत आला तेव्हा सातपुते आले. सदऱ्याची एक बाही ओली होती. टेबलाकडे त्यांनी बघितलंच नाही. वहिनींसमोर उभे राहिले.

“पोरगी झाली. मावशी लय रडून राहिल्या होत्या, म्हणून नर्सनं आधी माह्याच हातात देली.” त्यांनी दोन्ही हात पुढं करून दाखवलं. “इतकुशी. मले लय भेव वाटलं वं, शांता.”

वहिनी काही वेळ त्या रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या.

“टोपडं हाय माह्याजवळ,” त्या हळूच म्हणाल्या. “लगनानंतर शिवून ठेवलं होतं. उद्या नेऊन देऊ दोघं.”