तळ्याकाठच्या मुक्कामाचा बंदोबस्त

साधं राहणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. त्याला घरात बक्कळ माणसं लागतात.

वडवणीजवळच्या एका गावचे वतनदार सुंदरराव यांना हे सत्य तहसीलदारसाहेबांच्या दौऱ्यात उमगलं. साहेबांनी तळ्याकाठी डेरा दिला होता आणि पुढे खुर्ची टाकून ते नुसते पाण्याकडे बघत बसले होते (हे सरकारी काम होतं). निजामसरकारची नोकरी नसली म्हणून काय झालं, आपणही घरादारासह तीन दिवस पाण्याकडे बघायचं, असं सुंदररावांनी तिथेच ठरवलं.

मसलत बसली. सामान कमीत कमी न्यायचं, यावर एकमत झालं. मग त्या कमीत कमी सामानात गाद्या, तक्के, पानदान आणि जातं आलं (आणलेलं पीठ तळ्याच्या हवेने सादळतं, असं आत्याबाईंचं मत पडलं). दुधाला म्हैस, म्हशीला गडी, आणि गड्याला रानात भीती वाटते म्हणून त्याचा मेहुणा. पूजेला जोशीबुवा. बैलगाड्यांची रांग वेशीपर्यंत गेली. एवढा साधेपणा त्या पंचक्रोशीत कुणाला जमला नव्हता.

या सगळ्यांसाठी दशम्या थापल्या आणि लाडू वळले ते भिवराबाईंनी, म्हणजे सुंदररावांच्या बायकोने. तळं कोसभरावर, पण लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना ते पाहायचं होतं, फार मनापासून पाहायचं होतं.

"मंग म्या कोन्त्या गाडीत बसू?" त्यांनी विचारलं.

सुंदरराव चकित झाले. हा मुद्दा मसलतीत निघालाच नव्हता.

"तू कावून? तिन्हीसांजंला देवापुढं दिवा घरधनिणीनंच लावायचा, ह्यो आपला दस्तूर हाय. तू आल्यावर दिवा कोन लावील?"

भिवराबाईंनी मान हलवली आणि त्या पुन्हा लाडू वळू लागल्या.

निघायच्या सकाळी सुंदरराव पहिल्या गाडीत चढले, तर आत बायको. मांडीवरच्या परडीत तांबड्या फडक्यावर घरचे सगळे देव, हातात समई.

"देव तळ्यावर चाल्लेत," त्या म्हणाल्या. "देव तिथं दिवा, आन् दिवा लावाया म्या."

हे शास्त्राला धरून आहे, असं जोशीबुवांनी लाडू खाता खाता मान्य केलं.

"आन् घर? घराला काय कुलूप लावायचं व्हय?" सुंदररावांनी विचारलं.

"छ्या! वतनदाराचं घर बंद ठिवावं का? कुनीतरी ऱ्हाया पायजे," भिवराबाई म्हणाल्या.

सुंदररावांनी मागे ठेवण्याजोगं माणूस शोधायला गाड्यांवरून नजर फिरवली. पण गड्याचा मेहुणासुद्धा किती निकडीचा आहे, हे त्यांनीच मसलतीत पटवून दिलं होतं. बिनकामाचा असा त्या मोहिमेत एकच इसम निघाला. तो खाली उतरला.

भिवराबाई तीन दिवस डेऱ्यापुढे बसून पाणी बघत होत्या. इतकं सुख त्यांना सासरी कधी झालं नव्हतं.

वाचकांनी सुंदररावांना हसावं, अवश्य हसावं. फक्त मागच्या सहलीला आपण निघालो तेव्हा दारात उभं राहून "सावकाश जा रे" कोण म्हणालं होतं, आणि तिला "येतेस का" असं कुणी विचारलं होतं, तेवढं हसता हसता आठवून बघावं.