"गिलावा राहिला का हो?"

गहिनीनाथने काष्टी गावात नवं घर बांधलं आणि हॉलमधली एकच भिंत त्याच्या जिवावर उठली. बाकी घर कसं टुमदार झालं होतं. पण पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, ओमने, कारागीर पाठवून समोरच्या भिंतीला टेक्श्चर करून घेतलं. सगळी भिंत खरबरीत, फुगेफुगे आलेली. येणारा-जाणारा चहाचा कप हातात पडला की पहिला प्रश्न टाकायचा, "गिलावा राहिला का हो?"

"राहिला न्हाई. ते आसंच आसतंय," गहिनीनाथ सांगायचा.

"बरं बरं, हुईल सावकाश," म्हणत पाहुणा उलट त्याचीच समजूत घालायचा.

शेजारच्या आसारामने तर त्याला बाजूला घेतलं. "गवंडी पळून गेला आसंल तर सांग गड्या. लाजू नको."

"आरं, पद्धतशीर केलंय ते!"

"व्हय, आमच्या गोठ्याला बी तसंच पद्धतशीर केलंय."

एरवी गहिनीनाथने हे हसण्यावारी नेलं असतं. पण रविवारी घोडेगावचे आदिनाथराव घर बघायला येणार होते. त्यांची लेक अश्विनी पुण्यातच नोकरीला. पोरापोरीची पसंती झाली होती, आता मोठ्यांची सुपारी फुटायची तेवढी बाकी. आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडून बापाला दमवलेला ओम पहिल्यांदाच 'हो' म्हणाला होता. आणि आपल्याकडे मुलीचा बाप घरात शिरला की पोराच्या आधी भिंती बघतो. काम अर्धवट दिसलं की मुकाट चहा पितो, 'कळवतो' म्हणतो आणि जन्मात कळवत नाही.

रविवारी सकाळी गहिनीनाथ पेढे घेऊन परतला आणि दारातच थिजला. त्याच्या आईने, गोजरबाईने, भिंतीवर बादलीभर पाणी मारलं होतं आणि खुरपं घेऊन ती भिंत खरवडत होती. दरवाजाएवढी जागा साफ झालेली!

"आये! काय केलंस हे?"

"तुला लाज न्हाई, मला हाय. सोयरं यायचं अन् भितीला खरूज!"

तेवढ्यात ओमचा फोन आला. "आण्णा, एक सांगायचं राहिलं. त्या भिंतीचं डिझाईन अश्विनीनंच पसंत केलंय. तिच्या वडिलांना मुद्दाम दाखवा."

गहिनीनाथने फोन ठेवला. उरलेली भिंत खरवडली तर सून नाराज, आणि न खरवडावी तर हे असलं ध्यान पाहुण्यांना दाखवायचं कसं? त्याने गडबडीने पांढरं सिमेंट कालवलं, मोकळ्या जागेवर थापलं आणि खराट्याने टोचून फुगे आणायला बघितले. भलतंच काहीतरी उमटलं.

"कोंबडी नाचून गेली का रं?" गोजरबाईने विचारलं.

शेवटी त्याने दोन खिळे ठोकून भिंतीवर सतरंजी टांगली. हात धुतो न धुतो तोच दारात गाडी वाजली.

आदिनाथरावांनी चहा घेतला, पेढा खाल्ला, पण नजर सतरंजीवरून हलेना. "सतरंजी भितीला का वो?"

"वाळत घातलीय."

"घरात?"

"भाईर... ऊन लई हाय."

आदिनाथराव यावर विचार करत होते. गहिनीनाथही करत होता, कारण आपण काय बोललो ते त्यालाही उमगलं नव्हतं. इतक्यात ओल्या भिंतीतला एक खिळा निसटला आणि सतरंजी धाडकन खाली आली.

आदिनाथराव उठले. भिंतीजवळ गेले. नखाने जरा उकरून बघितलं. "हे कोनी खरवडलं?"

संपलं! ठरलेलं लग्न गहिनीनाथच्या डोळ्यांदेखत उंबऱ्याबाहेर चाललं होतं.

"मी," गोजरबाई ठसक्यात म्हणाली.

"निघतंय?"

"न निघाया काय झालं?"

"कोरडं का भिजवून?"

"भिजवून. खालनं वर."

आदिनाथरावांनी मोठा सुस्कारा सोडला. "आवो, आमच्या लेकीनं बैठकीत हेच थेर करून ठिवलंय! गिलावा झालाय, गिलावा झालाय, सांगून सांगून तोंड दुखलं माझं. खरवडू म्हनलं तर रुसून बसती. द्या हिकडं ते खुरपं, हात बसतोय का बघतो."

मग काय! एक व्याही खुरपं चालवतोय, दुसरा पाणी मारतोय आणि गोजरबाई दोघांना शिकवतेय. भिंत तुळतुळीत झाली आणि तिच्यासमोरच सुपारी फुटली. गहिनीनाथला गहिवरून आलं. चांगली माणसं मिळाली पोराला. पण पाहुणे चपला घालायला लागले तेव्हा त्याला एकदम सून आठवली.

"पर पाव्हनं, आश्विनी नांदाया आल्याव काय म्हनंल?"

"ते आता तुमचं तुमी बघा," आदिनाथराव अगदी मोकळ्या मनाने म्हणाले. "लेक दिली. आता ती तुमची."

गाडी वळली आणि ओमचा फोन आला. गोजरबाईला ऐकू यावं म्हणून गहिनीनाथने स्पीकर लावला.

"आण्णा, भिंत दाखवली का? काय म्हणाले?"

"दाखवली की. दुसरं काईच बघितलं न्हाई त्यांनी. हात फिरवून फिरवून बघितली."

"बघा! मी म्हणत नव्हतो? अश्विनी म्हणतेय, लग्नाआधी छतालाही तसंच करून घेऊ."

गहिनीनाथने पटकन फोनवर हात ठेवला. गोजरबाईने मान वर करून छत नीट न्याहाळलं.

"आसारामकडं शिडी हाय का बघ रं," ती म्हणाली.