पोशीरची पहिली टीम

हर्षदच्या लॅपटॉपवर दोन नोकऱ्या चालत. शिळफाट्याच्या एका दुकानासाठी तो वाढदिवसांचे फ्लेक्स बनवी, आणि अमेरिकेतल्या काही कॉलेजांनी मिळून काढलेल्या फुटबॉल संघटनेसाठी पोस्टर. तिकडे फुटबॉल हातात घेऊन का पळतात, याची त्याने कधी चौकशी केली नव्हती. पण हंगाम संपला की सगळ्या कॉलेजांतले चांगले खेळाडू निवडून पहिली टीम, दुसरी टीम जाहीर करायची, हे त्याला लगेच समजलं. त्याच्या गावात, पोशीरमध्ये, फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांच्या ओळींचं असंच असतं: वजनदार माणसं पहिल्या ओळीत, बाकीची दुसऱ्या. म्हणून दोन्हीकडे तो एकच साचा वापरी.

यंदा गावचे पुढारी चांगोशेठ यांचा वाढदिवस आणि अमेरिकेतल्या टीम जाहीर करायचा दिवस एकत्र आले.

सकाळी बहीण समीक्षाने मोबाईल पुढे धरला. "दादा, नवशाकाका डिफेन्सिव्ह टॅकल कधी झाला रं?"

संघटनेच्या पानावर, अमेरिकन खेळाडूंच्या जागी, चांगोशेठचे शुभेच्छुक उभे होते; खाली मैदानावरच्या जागांची इंग्रजी नावं तशीच. पहिल्या टीमच्या मधोमध नवशा, गॉगल घालून, फोन कानाला लावून. रात्री हर्षदने फोटो चुकीच्या साच्यात टाकले होते. अमेरिका अजून झोपेत होती. ती उठायच्या आत पोस्टर पानावरून काढलं तरच नोकरी वाचणार होती. पण समीक्षाने ते आधीच गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, वर फुलांसकट.

नवशा पेढे घेऊनच आला. कुंभिवलीच्या सासुरवाडीत बातमी पोचली होती आणि लग्नानंतर प्रथमच सासऱ्याने त्याला स्वतःहून फोन केला होता. पोस्टर काढलंस तर लॅपटॉप विहिरीत टाकीन, असं त्याने पेढा भरवत सांगितलं. हर्षदने पेढा गिळला.

मागोमाग पोपट आला. तो दुसऱ्या टीममध्ये होता. नवशाने जन्मात बॉल बघितला नाही, आपण निदान सातवीपर्यंत कबड्डी खेळलो, असं त्याचं म्हणणं होतं.

"काका, सगळं चुकून झालंय. आज माझी नोकरी जाणार हाय."

"जायचीच हाय ना? मग मला पहिल्या टीममध्ये टाकून जाऊ दे."

हर्षदने दिवसभर पोस्टर काढलंही नाही, बदललंही नाही. जेवलाही नाही. संध्याकाळी अमेरिका उठली आणि संघटनेच्या साहेबांचा फोन आला. तो उभा राहून ऐकू लागला.

साहेब खुशीत होते. दरवर्षी या निवडीवरून प्रत्येक कॉलेज शिव्या घालतं. यंदा कुणाचाच खेळाडू नव्हता, त्यामुळे पक्षपात झाला असं कुणालाच म्हणता येईना. आपला नाही तर नाही, शेजारच्या कॉलेजचाही नाही, यावर सगळे प्रशिक्षक समाधानी होते. निवड कायम ठेवायचं ठरलं होतं.

"फक्त एक तक्रार आली," साहेब म्हणाले. "कुणी मिस्टर पोपट. समितीला त्यांचा मुद्दा पटलाय. त्यांना पहिल्या टीममध्ये घ्या, नवशांना दुसऱ्या."

नोकरी वाचली. हर्षदने खिडकीतून पाहिलं. नवशाचा सासरा टेंपोतून उतरत होता, हातात हार घेऊन.