स्वचालन प्रभारी

ग्वाल्हेरात, शिंदे की छावनीत, मधुसूदनराव पोतनीस यांचे घर आहे. या घरात रोज पहाटे गीझर लागतो, टाकीत पाणी चढवणारी मोटर सुरू होते, देवघरात आरती होते आणि सहाला मधुसूदनराव डोळे उघडतात तेव्हा वाफाळता चहा उशाशी असतो. हे सगळे लग्न झाल्यापासून आपोआप होत आले आहे. आपोआप म्हणजे शरयूबाई करतात.

मधुसूदनराव एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. छावनीत त्यांना अजून ‘बडे बाबू’ म्हणतात. कार्यालय सुटले, पण अधीक्षकपण सुटले नाही. हाताखाली माणसे मात्र उरली नव्हती. म्हणजे एकच उरली होती.

त्या एकीची, शरयूबाईंची, एक इच्छा होती. जानेवारीत किल्ला धुक्यात बुडालेला असताना एक दिवस चांगले उजाडेपर्यंत रजईत लोळत पडावे. त्यांना पैठणी नको होती, चारधाम नको होते. पण गीझर कोण लावणार?

हे दुःख त्यांनी एकदा फोनवर शंतनूला बोलून दाखवले. शंतनू हा त्यांचा मुलगा, नोएडात नोकरीला. त्याने आईचे दुःख ऐकले आणि पुढच्या खेपेला चार पांढऱ्या डब्या घेऊन आला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. प्रत्येक डबीवर चोवीस तासांची गोल तबकडी आणि कडेने बारीक खुंट्या होत्या. डबी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायची, गीझरची वायर डबीत खोचायची आणि हव्या त्या वेळेची खुंटी दाबून ठेवायची. ती वेळ आली की डबी ‘टक’ करते आणि गीझर चालू होतो. एक डबी गीझरला, दुसरी मोटरीला, तिसरी चहाच्या विजेच्या किटलीला आणि चौथी महाराज बाड्याच्या बाजारातून आणलेल्या आरतीच्या यंत्राला लागली. हे यंत्र विजेवर घंटा आणि नगारा एकदम वाजवते. चारही डब्यांवर पहाटे पाचची खुंटी दाबली.

“आई, अब टेन्शन नाही घ्यायचं,” शंतनू म्हणाला. “सुबह सगळं अपने आप होऊन जाईल. तू आरामसे झोप.”

“अपने आप म्हणजे रे?”

प्रश्न भाबडा नव्हता. ग्वाल्हेरच्या बाईला ठाऊक असते की हिंदीतल्या ‘अपने आप’चे दोन अर्थ होतात. एक, आपोआप. दुसरा, तुझं तू बघ. शाळेत मास्तर ‘अपने आप करो’ म्हणत, तेव्हा गणित काही आपोआप सुटत नसे.

“अपने आप म्हणजे अपने आप!” शंतनू म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने नोएडाला निघून गेला.

आता या घरात रात्री दहाला एक विधी होतो, तो सांगितला पाहिजे. मधुसूदनराव घरभर फिरून भिंतीवरचे एकूण एक बटण बंद करतात. टीव्हीचे, चार्जरचे, मिक्सरचे, अगदी ज्या सॉकेटमध्ये काहीच खोचलेले नाही त्याचेही. बटण चालू ठेवून झोपणे म्हणजे आगीला घरी येण्याची अक्षत देणे, असे त्यांचे मत आहे. त्या रात्री त्यांनी चारही डब्यांची बटणे बंद केली आणि ते निश्चिंत झोपले.

बटण बंद म्हणजे डबीला वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे तबकडी जागची हलत नाही. तबकडीवर रात्रीचे दहा वाजले ते वाजलेच राहिले. शरयूबाई पाचपासून रजईत डोळे उघडे ठेवून ‘टक’ची वाट पाहत पडल्या होत्या. टक काही होईना. शेवटी उठून त्यांनी गॅसवर पाणी ठेवले. सहाला मधुसूदनराव उठले आणि नियमाप्रमाणे त्यांनी सगळी बटणे चालू केली. तबकड्या दहापासून पुढे सरकू लागल्या आणि दुपारी एकला त्यांच्या हिशेबाने पहाट उजाडली.

त्या वेळी मराठी हितवर्धक मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव जेवायला बसले होते. पुरणपोळीचा पहिला घास तोंडात गेला आणि देवघरातून घंटा-नगारा कडाडला. जेवताना आरती सुरू झाली तर उठावे की बसावे याबद्दल शास्त्रात स्पष्ट निर्देश नसल्याने दिनकरराव अर्धवट उठले आणि आरती संपेपर्यंत तसेच राहिले. तिकडे भरलेल्या टाकीत मोटर आणखी पाणी चढवत होती. ते पाणी शेजारच्या दिग्विजयसिंहांनी उन्हात घातलेल्या रजयांवर पडले. दिग्विजयसिंह भिंतीपलीकडून जे बोलले ते हिंदीत होते आणि ते हिंदीतच राहू द्यावे.

मधुसूदनरावांनी पाहुणे गेल्यावर प्रकरण विचारार्थ घेतले.

“यंत्रात दोष नाही,” ते म्हणाले. “दोष अंमलबजावणीत आहे. शरयू, स्वचालनाचा प्रभार तत्काळ प्रभावाने तुझ्याकडे देतो.”

“म्हणजे मी करायचं काय?”

“काहीच नाही. सगळं आपोआप होणार. ते आपोआप होतंय की नाही, एवढंच तू बघायचं.”

“अहो, पण रात्री तुम्ही बटणं बंद करता ना? ती चार तेवढी चालू ठेवलीत तर...”

“नियमाला एकदा अपवाद केला की अपवादच नियम होऊन बसतो. मी उभा जन्म कार्यालयात काढलाय.”

“मग सकाळी बटणं चालू कोण करणार?”

“ते प्रभारीनं बघायचं!”

अशा रीतीने शरयूबाई स्वचालन प्रभारी झाल्या. पूर्वी त्या पाचला उठून एक बटण दाबत आणि गीझर लागे. आता त्या साडेचारला उठू लागल्या. शाल गुंडाळून, चष्मा लावून, मोबाइलच्या उजेडात त्या चार बटणे चालू करत, चार तबकड्या फिरवून पाचच्या जरा अलीकडे आणून ठेवत आणि स्टुलावर बसून राहत. मग ‘टक’ होई आणि गीझर आपोआप लागे.

एकदा कडाक्याच्या थंडीत त्यांनी डबी बाजूला काढली, गीझर सरळ सॉकेटला जोडला आणि पुन्हा अंथरुणात शिरल्या. पाणी उत्तम तापले. पण सहाला अधीक्षकांच्या नजरेतून काही सुटत नाही.

“हे हस्तचालित झालं, शरयू,” चहाचा घोट घेत ते म्हणाले. “कारण काय?”

“थंडी होती हो.”

“थंडी सबळ कारण नाही. प्रभारीच यंत्रावर अविश्वास दाखवू लागला तर जनतेनं कुणाकडे बघायचं?”

जनता म्हणजे तेच होते.

एक गोष्ट मात्र मधुसूदनरावांच्या बाजूने सांगायला हवी. ते लबाड नव्हते. आयुष्यात ते सहाच्या आधी कधी उठलेच नव्हते. सहाला उठावे तो पाणी तापलेले, टाकी भरलेली, किटली वाफ टाकते आहे! त्यांना मनापासून अचंबा वाटे. गोरखीजवळच्या मंडळाच्या सभागृहात त्यांनी भर सभेत जाहीर केले, “माझ्या घरात आता माणसाचा हात लागत नाही.” स्वतःपुरते ते अगदी खरे बोलत होते. दिनकररावांनी पुरणपोळीचा प्रसंग पोटात घातला आणि मंडळाने या आदर्श घराचे पहाटेचे प्रात्यक्षिक पाहण्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

आदल्या रात्री मधुसूदनरावांनी प्रभारींना बोलावून घेतले.

“उद्या सगळे येतील. तू मध्ये लुडबुड करताना कुणाला दिसलीस तर प्रात्यक्षिकाचा अर्थच जाईल. उद्या तू उठायचं नाही. आम्ही हाक मारू तेव्हाच उठायचं.”

शरयूबाईंना आधी वाटले, ऐकण्यात चूक झाली.

“म्हणजे मी झोपून राहू?”

“हा आदेश समज.”

“पण बटणं...”

“पुन्हा बटणं! सगळं आपोआप होतंय ना रोज?”

दहा वाजले. मधुसूदनराव नेहमीप्रमाणे घरभर फिरले आणि खट खट करत बटणे बंद करून आले.

“सगळी बंद केलीत?” शरयूबाईंनी शेवटचे विचारले. एवढे विचारणे त्यांना कर्तव्य वाटले.

“सगळी. नियम म्हणजे नियम.”

“बरं,” म्हणून शरयूबाईंनी रजई डोक्यावरून ओढली. इतके हलके त्यांना कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

पहाटे पाचच्या जरा आधी कानटोप्या घातलेले दहा-बारा सदस्य जमले आणि कडी वाजवून त्यांनीच मधुसूदनरावांना उठवले. दिनकररावांबरोबर त्यांच्या पत्नी सुधाताईही आल्या होत्या. त्यांचा यंत्रांवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी थर्मासभर चहा आणला होता. माणसाचा हात लागायला नको म्हणून मधुसूदनरावांनी दिवासुद्धा लावू दिला नाही. सगळे अंधारात न्हाणीघराकडे तोंड करून, श्वास रोखून उभे राहिले. पाच वाजले. पाच वाजून गेले. नगारा वाजेना, मोटर घरघरेना, किटली ढिम्म. आतल्या खोलीतून शरयूबाईंचे मंद घोरणे ऐकू येत होते. घरात आपोआप होणारी तेवढी एकच गोष्ट होती.

दिनकररावांनी भिंतीवर टॉर्च मारला.

“बडे बाबू, हे बटण तर बंद आहे!”

“असणारच. रात्री मीच बंद केलं.”

“मग रोज सकाळी ते चालू कोण करतं?”

मधुसूदनरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले.

“होतं,” ते म्हणाले. “रोज आपोआप चालू होतं.”

यावर कोणी हसेल असे तुम्हाला वाटेल. एकही सदस्य हसला नाही. उलट सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. “आमच्याकडेही तसंच आहे,” एक जण म्हणाला. “रात्री शर्ट खुर्चीवर टाकतो, सकाळी इस्त्री होऊन कपाटात असतो. कसा जातो, कधी लक्षच दिलं नाही.”

सुधाताईंना जोराचा खोकला आला. तोंडावर पदर धरून त्या आत गेल्या. रजईच्या फटीतून एक डोळा लुकलुकत होता.

“शरयू, जागी आहेस तू!”

“हळू बोल गं. आदेश आहे मला.”

दोघी तोंडात रजई कोंबून हसल्या.

बाहेर मंडळाने जागच्या जागी चौकशी उरकली. निष्कर्ष असा निघाला की चारही यंत्रे निर्दोष असून प्रभारी वेळेवर सुरू झाल्या नाहीत. शिफारस अशी झाली की प्रभारींच्या उशाशी विजेची घंटा बसवावी आणि त्या घंटेला टाइमर लावावा. शिफारस मांडणाऱ्याचे टाळ्या वाजवून अभिनंदन झाले.

घंटा बसली, पाचवी डबी लागली. शरयूबाईंनी शब्द दिला, “घंटा वाजली की उठेन.” आणि रात्री दहाला मधुसूदनरावांनी नियमाप्रमाणे घंटेचेही बटण बंद केले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गार पाण्याने आंघोळ केली. तिसऱ्या दिवशीही केली. ग्वाल्हेरची जानेवारी अधीक्षक आणि शिपाई असा भेद करत नाही.

“घंटा वाजली नाही?” दात वाजवत त्यांनी विचारले.

“नाही बाई.”

“का नाही?”

“मला काय विचारता? माझ्याकडे चार यंत्रांचा प्रभार आहे. घंटा कुणाच्या प्रभारात येते ते तुम्ही बघा.”

मुद्दा बिनतोड होता. घंटेला प्रभारी नव्हता आणि नेमायला घरात दुसरे माणूस शिल्लक नव्हते. चौथ्या दिवशी मधुसूदनराव आयुष्यात पहिल्यांदा आपणहून साडेचारला उठले, केवळ निरीक्षणासाठी. घंटेचे बटण चालू केले. तबकडीवर भलतीच वेळ दिसली, ती फिरवली. हात लागलाच आहे तर बाकीची चारही बटणे चालू केली, चार तबकड्या फिरवल्या. मग वाट पाहत स्टुलावर बसले. बसल्या बसल्या त्यांना कळले की हे स्टूल फार गार असते आणि त्याच्यावर कोणीतरी जुनी उशी घालून ठेवलेली आहे. त्या उशीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग उठून त्यांनी चहा केला.

पाचला घंटा वाजली. शब्द दिला होता म्हणून शरयूबाई उठून बसल्या. न्हाणीघरात गीझर लागलेला, देवघरात नगारा चाललेला आणि उशाशी चहा.

“अगबाई,” त्या म्हणाल्या, “हे सगळं झालं कसं?”

मधुसूदनरावांनी तोंड उघडले. ‘मी केलं’ हे दोन शब्द ओठांपर्यंत आले. पण ते म्हटले तर पुढचा प्रश्न आला असता की इतकी वर्षे कोण करत होते.

“आपोआप,” ते पुटपुटले.

“बघा! शंतनू म्हणतच होता,” शरयूबाई म्हणाल्या. चहा जरा गोड झाला होता, पण त्यांना तो अमृतासारखा लागला. कप खाली ठेवून त्या पुन्हा रजईत शिरल्या आणि खिडकीतले धुके पांढरे होईपर्यंत मजेत लोळत पडल्या.

आता छावनीत बऱ्याच मराठी घरांत टाइमर लागले आहेत. मधुसूदनराव हल्ली सभेत पेंगतात आणि भाषण करत नाहीत. बाकीचे सदस्य मात्र आपापल्या घरच्या स्वचालनावर बेहद्द खूश आहेत. त्यांच्या घरी घंटा बसवायची वेळच आलेली नाही.

तुमच्याकडे असले काही खूळ नसेल. तुम्ही सुज्ञ आहात, आणि हे वाचताना तुमच्या हातात चहाचा कप असेल. तो खाली ठेवू नका, गार होईल. फक्त तो तिथे कसा आला, तेवढे आठवून पाहा. आठवत नसेल, तर आपोआपच आला असणार.