अप्पांचं नाक

आमचे भानुदासअप्पा भेटले की रामराम करत नाहीत. आपलं नाक समोरच्याच्या तोंडाशी नेतात आणि म्हणतात, "हाऽ कर." अप्पांपुढे हाऽ केल्याशिवाय उमापुरातून वाहन हलत नाही. दुधाचा टेम्पो असो, ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर असो, की प्रचाराची जीप. एका पुढाऱ्याने हसत हसत हाऽ केलं, तर अप्पा म्हणाले, "कांदा हाय. जा." माझ्या लग्नात मला घोड्यावरून वाकून हाऽ करावं लागलं होतं. घोडं मी चालवत नाही, दुसराच धरून चाललाय, हे सांगून उपयोग झाला नाही.

अप्पा माझे चुलत चुलते. दूध संघाच्या टँकरवर चालक होते. एका दुष्काळात संघाकडे दूधच येईना, म्हणून तोच टँकर धुऊन पाण्याला लावला. अप्पा रात्रंदिवस खेपा करत. एका सकाळी टँकर ओढ्यात कलंडला आणि शेजारी बसलेला क्लीनर दगडू जागीच गेला. पोलिसांनी अप्पांना सरकारी दवाखान्यात नेलं, हाऽ करायला लावलं, रक्त घेतलं. दारूचा थेंब निघाला नाही. संघाच्या सभेत निर्व्यसनी चालक म्हणून अप्पांना शाल-नारळ मिळाला. त्यानंतर ते कुठल्याच गाडीत बसले नाहीत. चकलांब्याचा बाजारही पायीच करतात.

आता एक घरातली गोष्ट. अप्पा तपकीर लई ओढतात. परवा ते आमच्या ओसरीवर बसले असताना आत दूध करपलं. शेजारीण धावत आली, अप्पा मात्र पेपर वाचत होते. बायको मला म्हणाली, यांच्या नाकाचं काही खरं नाही. मी तिला गप्प केलं. गावात अप्पांना जो काही मान होता, तो त्या नाकाचाच.

यंदाही पाऊस नाही. अशात पुतणीचा साखरपुडा धारूरला ठरला. मुलाकडचे वेळेचे फार कडक. वऱ्हाडाची जबाबदारी माझ्यावर, म्हणजे सकाळपासून ओरडण्याची. जीप गोरखची. गोरखच्या गळ्यात तुळशीची माळ, चहासुद्धा न पिणारा माणूस. दिवसा भाडी मारायचा, रात्री पाण्याचा टँकर.

आम्ही कोंबून बसलो आणि अप्पा आले. गोरखने हाऽ केलं. अप्पा त्याच्या डोळ्यांकडेच बघत राहिले. मग किल्ली काढून खिशात टाकली.

"वास येतोय. उतर."

गोरख माळेला हात लावून शपथा घेऊ लागला. पण दुसऱ्याच्या व्यसनावर विश्वास ठेवायला नातेवाइकांना पुरावा लागत नाही. बायका भराभर उतरल्या. दुसरी गाडी मिळेना. दारू उतरेपर्यंत झोपवा त्याला, असा अप्पांनी निकाल दिला. गोरख रागारागाने लिंबाखाली आडवा झाला आणि शिवी अर्धीच सोडून घोरायला लागला.

मी अप्पांना गाठलं. सोयरीक मोडली तर तुमच्यापायी मोडेल, असं बरंच बोललो. शेवटी म्हणालो, दूध करपलेलं तुम्हाला कळलं नाही, याचा वास कसा आला?

अप्पा टोपीने गोरखच्या तोंडावरच्या माश्या वारत होते.

"झोपंला आलाय म्हनलं असतं तर कुनी उतरलं असतं का? दारू म्हनलं की उतरत्यात."

टोपी हलवतच ते पुढे म्हणाले, "माज्या रक्तात काईच न्हाई निघालं, विष्णू. झोपलतास का, ते कुनी इचारलंच न्हाई. शाल दिली."

मी धारूरला फोन लावून पंक्चरची थाप मारली. तिकडे मांडवात पाण्याचा टँकरच आला नव्हता. उशीर होतोय म्हटल्यावर त्यांनाच हायसं वाटलं.

ऊन कलल्यावर गोरख उठला. सगळ्यांकडे पाठ करून जीपची काच पुसू लागला. अप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "याच्या तोंडाला वास न्हवता. माजं नाक मेलंय. कवाच."

बायका हसल्या. "मग इतकी वर्षं आमाला हाऽ कावून करायला लावलं?" कुणीतरी विचारलं. अप्पांनी गोरखच्या हातात किल्ली दिली, पुढचं दार उघडलं, जरा थांबले, आणि त्याच्या शेजारी, क्लीनरच्या जागेवर चढून बसले.

मागे आम्ही सगळे एकमेकांच्या खांद्यावर पेंगत होतो. घाटात मला मधूनच जाग यायची, तेव्हा पुढून अप्पांचा आवाज ऐकू यायचा.

"बोल बे गोरख. गप बसू नको. काईबी बोल."