ग्रेड देणारे खोब्रागडे काका

मी टेक्ससमधल्या प्लेनोमध्ये टाइल्स आणि ग्रॅनाइटचं दुकान उघडलं त्या दिवशी सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. एकट्या खोब्रागडे काकांनी दोन्ही हात मागे बांधून दुकानभर फेरी मारली, एका फरशीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, हातातला पेढा खाल्ला आणि चार माणसांत मला सांगितलं, "भाऊ, सी मायनस."

मी इचलकरंजीहून आलो तेव्हा माझ्याकडे एक बॅग होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गोदामात दगड उचलले, मग स्वतःचं दुकान टाकलं. भल्याभल्या बिल्डरांशी घासाघीस करून मी त्यांना घाम फोडला आहे. आणि हा रिटायर्ड माणूस माझा पेढा खाऊन मला सी मायनस देतो. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "दुकानात बसायले जागा नाही. गिऱ्हाईक उभं राहून राहून किती वेळ राहील?"

नंतर मी खुर्च्या ठेवल्या. गिऱ्हाईक बसायला लागलं, बसलं की घ्यायलाही लागलं. मी ग्रेड बदलून मागितली. काका म्हणाले, दिलेली ग्रेड बदलत नसते. तो सी मायनस मला आजही चपलेतल्या खड्यासारखा टोचतो.

देवराव खोब्रागडे आमच्या शेजारच्या घरात एकटे राहतात. मूळचे नागपूरचे. सत्तरी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, आवाज मात्र मैदानावरच्या पंचाचा. इथल्या हायवे खात्यात त्यांची नोकरी काँक्रीट तपासण्यात गेली. साइटवरून काँक्रीटचे सिलिंडर आणायचे, अठ्ठावीस दिवस मुरू द्यायचे आणि मशीनमध्ये घालून फोडायचे. किती दाबाला फुटलं त्यावर त्याची प्रत ठरायची. माणूस रिटायर झाला, पण फोडून प्रत ठरवायची सवय गेली नाही. माझ्या बायकोच्या पुरणपोळीला बी प्लस आहे. समोरच्या नव्या डेंटिस्टला डी आहे. आमच्या महापालिकेच्या कचरागाडीला ए मायनस आहे, आणि तो मायनससुद्धा फक्त हॉर्नबद्दल. एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होतो, त्याची सगळी व्यवस्था काका बघतात. खुर्च्या लावतात, खीर वाढतात आणि कार्यक्रम संपल्यावर प्रमुख पाहुण्यांना दारापर्यंत पोचवताना त्यांच्या भाषणाची ग्रेडही सांगून टाकतात. एका पाहुण्यांनी बी मायनस ऐकून गाडीचं दार जरा जोरात लावलं होतं.

जयंती झाली की काकांच्या अंगात ड्राफ्ट शिरतो.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की दरवर्षी एप्रिलच्या शेवटी सगळ्या टीम्स कॉलेजातली पोरं आळीपाळीने निवडून घेतात. गेल्या वर्षी जी सपाटून हरली तिला आधी निवड. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी उरलेल्या. मुलगी बघायला जातात तसं हे लोक त्या पोरांची उंची मोजतात, वजन करतात, पळवून बघतात, घरची चौकशी करतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवरचे तज्ज्ञ प्रत्येक टीमच्या निवडीला ए, बी, सी अशा ग्रेड देतात. त्या पोराने अजून चेंडूला हात लावलेला नसतो.

या तज्ज्ञांवर काकांचा राग आहे. "अजून ओलं आहे!" असं ते टीव्हीकडे बोट करून ओरडतात. "ओल्या काँक्रीटवर शिक्का मारून राहिले. तीन वर्षं मुरू द्या ना बाप्पा!"

मी एकदा त्यांना धरलं होतं. म्हटलं, काका, पोरांना तीन वर्षं आणि माझ्या दुकानाला पहिल्याच दिवशी शिक्का? त्या दिवशी कुठे गेला होता तुमचा नियम? काका जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "टाइल्सले मुरायले नाही लागत, भाऊ." या माणसाशी सौदा होत नाही.

ड्राफ्टची भाषा त्यांच्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ते बाजारातही तीच बोलतात. लायकीपेक्षा वर उचललेली वस्तू म्हणजे 'रीच', आणि मागे राहिलेली चांगली वस्तू हाती लागली तर 'स्टील', म्हणजे जणू चोरीचा माल. भाजीच्या दुकानात पिशवीच्या तळाशी कोवळी भेंडी सापडली की 'स्टील'. स्वतःच्या लग्नाबद्दल सांगताना म्हणतात, "मी सातव्या, शेवटच्या फेरीतला पिक. चंदाच्या घरच्यांनी काहून उचललं, कोणाले नाही समजलं." चंदाकाकूंना जाऊन काही वर्षं झाली. त्यांना त्यांनी कधी ग्रेड दिलेली मी ऐकली नाही.

या वेडाचं मूळ त्यांच्या मुलात आहे. निखिल इथेच जन्मला, इथेच वाढला. पोरगं शाळेत जायला लागलं आणि घरात इंग्रजी बोलायला लागलं. काका मराठीत विचारायचे, तो इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचा आणि खोलीत निघून जायचा. एका रविवारी तो मॅच बघत होता. काका शेजारी बसले आणि हे लोक एकमेकांच्या अंगावर का पडतात, असं विचारलं. त्या दिवशी पोरगं दोन तास बोललं. पुढच्या रविवारी काका नवे प्रश्न घेऊन बसले. वर्षभरात प्रश्न संपले, तोवर काकांकडे स्वतःची मतं आली होती, आणि ती निखिलला मान्य नव्हती. मग काय, दोघांचं मस्त जमलं.

आता निखिल सांता क्लाराला एका कंपनीत आहे, बायको आहे, लहान मुलगी आहे. वर्षभर फोन येतात ते कामापुरते. गोळ्या घेतल्या का, घराचं छप्पर बघून घेतलं का. पण ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी, तज्ज्ञांच्या ग्रेड आल्या की तो न चुकता फोन करतो आणि बापलेक भांडतात. भिंतीपलीकडून मला ते ऐकू येतं. गेल्या वर्षी असे भांडले की काकांचा कान लाल झाला होता, आणि पुढचे कित्येक दिवस ते कचरागाडीलासुद्धा सरळ ए देत होते. मला स्वतः म्हणाले होते, "वर्षातून एकदाच तर बोलतो तो माझ्याशी. बाकी सगळी विचारपूस असते."

यंदा गुरुवारी पहिली फेरी आम्ही त्यांच्याकडेच बघितली. आमच्या टीमला रिसीव्हर हवा होता, म्हणजे लांब फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा पोरगा. अख्ख्या टेक्ससला ते ठाऊक होतं. टीमने घेतला एक गार्ड. गार्ड म्हणजे पुढे उभा राहून धक्के खाणारा, आणि हा तर कोणी नाव न ऐकलेल्या कॉलेजातला. मी खुर्चीतून उठलो. धंदेवाल्या माणसाला हे बघवत नाही. तिसऱ्या फेरीत स्वस्तात पडला असता तो माल यांनी पहिल्याच फेरीत पूर्ण भावाने उचलला! घासाघीस नाही, थांबणं नाही, काही नाही. मी टीमच्या मालकापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. काका शांतपणे चिवडा खात होते. म्हणाले, "ए ग्रेड."

शुक्रवारी तज्ज्ञांनी एकमुखाने डी दिला. दुपारी दुकानात फारसं कोणी नव्हतं, म्हणून मी डी नाचवायला काकांकडे गेलो. काकांनी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. टीपॉयवर फोन उताणा ठेवलेला, शेजारी पाण्याचा ग्लास. पैलवान कुस्तीआधी बसतो तसे बसले होते. मला बोटाने गप्प बसायला सांगितलं.

फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"जय भीम बाबा. कसे आहात?"

"जय भीम. बघितला ना गार्ड? मी ए दिला," काकांनी पहिला ठोसा मारला.

"हो. गुड पिक, बाबा."

काका थांबले. "तज्ज्ञ डी म्हणून राहिले."

"दे डोन्ट नो एनीथिंग. यू आर राइट."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. पलीकडे निखिल समजुतीच्या सुरात सांगत होता, की गेल्या महिन्यात बाबांचं बीपी वाढलं होतं, तेव्हापासून त्याने आणि त्याच्या बायकोने ठरवलं आहे, बाबांशी वाद घालायचा नाही. ते म्हणतील ते बरोबर. आता त्याला एका मीटिंगला जायचं होतं. टेक केअर, बाबा.

पोराने प्रेमाने केलं होतं, मला कळत होतं. पण माझं निम्मं आयुष्य काउंटरमागे गेलं आहे. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, मी सांगितलेला भाव एका शब्दात कबूल करतं आणि निघून जातं. त्या दिवशी गल्ला भरतो पण दुकान ओसाड वाटतं. काकांचा चेहरा तसा झाला. इस्त्रीचा शर्ट एकदम त्यांच्या अंगावर मोठा वाटायला लागला.

"थांब ना," काका म्हणाले. "मी म्हणतो, आपला क्वार्टरबॅक काढून टाकावा."

क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा सेनापती. पलीकडून उत्तर आलं, "ओके. मेबी."

"आणि दुसऱ्या फेरीत पण गार्डच घ्यावा. तिसऱ्यात पण."

"शुअर, बाबा. इंटरेस्टिंग."

समोरचा हलायलाच तयार नाही, असा सौदा मी जन्मात बघितला नव्हता. मी हाताने खुणा केल्या, आणखी वर चढा, आणखी. काका ग्लासातलं पाणी प्यायले. डोळे मिटले. आणि म्हणाले, "तुझा तो जुना रिसीव्हर होता ना, लहानपणी तू ज्याची जर्सी घालून झोपत होता? मी विचार केला त्याच्यावर. काही खास नव्हता. सी प्लस."

"व्हॉट?"

"झेलायले हातच नव्हते त्याले."

"बाबा, व्हॉट आर यू सेइंग? ही वॉज द बेस्ट! तुम्ही होता ना माझ्याबरोबर स्टेडियममध्ये? तुम्ही उभे राहून नाचत होता!"

"गर्दी नाचत होती म्हणून नाचलो."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. निखिलने मीटिंग पुढे ढकलली, असं मधेच कोणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं. एकेक मॅच निघाली. एकेक झेल निघाला. काका प्रत्येक झेलात खोट काढत होते, वारा अनुकूल होता म्हणायचे, समोरचा घसरला म्हणायचे. पोराचा आवाज चढत गेला, आणि जसजसा चढला तसतसं इंग्रजी गळत गेलं. शेवटी तो अस्सल नागपुरीत ओरडला, "तुम्ही काय बोलून राहिले बाबा! काहीच्या काही बोलून राहिले!"

सांता क्लाराच्या ऑफिसात बसलेला, इथे जन्मलेला पोरगा. काका मान थोडी कलती करून ऐकत राहिले.

"असंच बोलायची चंदा," त्यांनी फोनवर हात ठेवून मला हळूच सांगितलं. "चिडली की."

मग हात काढून पुन्हा भिडले. चांगला पाऊण तास गेला असेल. शेवटी निखिलला जाणं भाग होतं, पण तो माघार घ्यायला तयार नव्हता. "धिस इज नॉट ओव्हर," तो म्हणाला. "आज दुसरी फेरी झाली की मी फोन करतो. आणि बाबा, गार्डचं पण तुम्ही चूकच आहात. मी मघाशी उगाच हो म्हटलं. इट्स अ टेरिबल पिक!"

फोन ठेवला तेव्हा काकांचा कान लालभडक झाला होता. मी बीपी बघायचं मशीन आणू का विचारलं, तर नको म्हणाले.

"तो रिसीव्हर देव होता हो," ते म्हणाले. "मी आतापर्यंत बघितलेला सगळ्यात भारी. आणि तुमचं बरोबर होतं, गार्ड चुकीचाच घेतला. मले काल टीव्हीवर बघताच समजलं."

"मग ए कशाला दिला?"

"सगळे डी देतील, हे माहीत होतं ना. निखिल पण डी देईल. मी पण डी दिला तर बोलायचं काय?"

सौद्यात समोरच्याला बसवून कसं ठेवायचं हे मला कळतं, असं मी आजवर समजत होतो.

काका उठले, फोन चार्जिंगला लावला, वायर नीट बसली का ते दोनदा बघितलं. परत येऊन माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि आवाज उतरवून, एखाद्या नवख्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "भाऊ, दुसऱ्या फेरीले अजून तीन-चार तास आहेत. माझ्याजवळची चुकीची मतं संपली. तुम्ही धंदेवाले. एखादं द्या ना. चुकीचंच पाहिजे, पण त्याले खरं वाटलं पाहिजे."

मी दुकानात फोन करून सांगितलं, की आज परत येत नाही. मग चिवड्याचा डबा जवळ घेतला आणि आम्ही कामाला लागलो.